गळतीसाहेबांच्या घरची गळती

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होईपर्यंत गळतीसाहेबांनी एकही गळती सोडली नाही, असं ते स्वतः सांगत. दुसरं कोणी सांगत नसे, कारण खात्यात दुसऱ्याचं कौतुक करायची पद्धतच नव्हती. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाणी कुठे सूं करतंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. या कामाने त्यांना एक नाव दिलं आणि डाव्या कानाला थोडा बहिरेपणा. नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही उचललं. बहिरेपणा मात्र फक्त लेकीच्या लक्षात आला, कारण तिच्या नजरेतून काही सुटतच नाही.

अशा माणसाच्या घरातल्या कॉम्प्युटरची चाळण व्हावी, याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार म्हणावं, तर गळतीसाहेबांना राग येई. ते म्हणत, कॉम्प्युटर बिघडलेला नाही, फक्त जरा बोलका झाला आहे.

बोलका म्हणजे किती? तो उघडला की आधी एक बाई अभिनंदन करायची, कारण गळतीसाहेब त्या संकेतस्थळाचे दहा लाखावे पाहुणे होते. ते रोजच दहा लाखावे असत. मग एक लाल चौकट किंचाळायची की कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब इथे दाबा. मग वजन कमी करायच्या गोळ्या, टकलावर उगवणारे केस आणि परदेशातली एक एकाकी विधवा, असे तिघे रांगेने येत. ब्राउझरच्या डोक्यावर पट्ट्यांवर पट्ट्या चढल्या होत्या आणि खाली वाचायला उरली होती जेमतेम चार बोटांची जागा. त्या चार बोटांत गळतीसाहेब वीजबिल भरत, औषधं मागवत आणि बँकेतली शिल्लक बघत. एवढ्या वर्दळीतही मन लागतं याचा त्यांना वर अभिमान.

हे सगळं आलं कुठून? एका फुकटच्या शब्दकोड्यातून. शब्दकोडं उतरवून घेताना कॉम्प्युटरने चौकटी दाखवल्या: ही पट्टी हवी का, ही सूचना हवी का, हा मित्र सोबत आणू का. आता खात्यात गळतीसाहेब एक गोष्ट शिकले होते. अर्जातली एक जरी चौकट रिकामी राहिली, तरी फाईल परत येते. तीस वर्षं त्यांनी एकही चौकट रिकामी सोडली नव्हती. मग निवृत्तीनंतर शिस्त कशी सोडणार? त्यांनी प्रत्येक चौकटीत इमानदारीने खूण केली आणि अख्खं वऱ्हाड घरात घेतलं. शब्दकोडं त्यांनी दोनदा सोडवलं, मग त्यांना ते सोपं वाटायला लागलं.

लेक मागच्या खेपेला आली तेव्हा तिने हा बाजार पाहिला. ती दुसऱ्या शहरात राहते, मोठ्या गोदामात मालाची ये-जा सांभाळते. एखादं खोकं वेळेवर पोचलं नाही तर तिला झोप लागत नाही, मग बापाच्या काळजीने तिचं काय होत असेल ते ओळखा.

"बाबा, हे काय आहे?"

"काय आहे? चालतंय की."

"ह्याच्यावर तुमची बँक आहे, औषधं आहेत. हे असं सांभाळणार असाल, तर एकटं राहणं कसं जमणार?"

"माझा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध? मी काय त्यात राहतो?"

"पुढच्या महिन्यात मी येईन. तोवर हा साफ झालेला हवा. नसेल, तर तुम्ही आमच्याकडे. मागची खोली रिकामीच आहे. वाद नाही."

जाण्याआधी ती तासभर कॉम्प्युटरपुढे बसली आणि म्हणाली, "थोडं अपडेट करून ठेवलंय." गळतीसाहेबांनी मान हलवली. त्यांचं सगळं लक्ष मागच्या खोलीवर खिळलं होतं. ती खोली त्यांनी पाहिलेली होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची, ती इतकी जवळ की भिंतीवरच्या मुंग्या मोजता येत. जावई भला माणूस, पण तो सकाळी सगळ्यांना कोमट पाणी प्यायला लावायचा. स्वतःच्या घरात गळतीसाहेब उठतील तेव्हा उठत, वर्तमानपत्र जमिनीवर पसरून वाचत आणि आंघोळीच्या आधी चहा घेत का नंतर, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. हे सगळं आता एका डबड्याच्या तब्येतीवर टांगलेलं होतं. त्यांना भीती वाटली. आणि भीती वाटली की ते लगेच कामाला लागत.

पहिला उपाय त्यांना कॉम्प्युटरनेच सुचवला. किंचाळणाऱ्या लाल चौकटीने सांगितलं की आमचा रक्षक घ्या, तो सगळे चोर पकडतो. गळतीसाहेबांनी रक्षक घेतला. रक्षकाने आल्या आल्या शेकड्याने चोर मोजून दाखवले आणि त्यांना पकडायचे पैसे मागितले. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या देणं म्हणतात ते हेच, पण हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर रक्षकाने आपले दोन भाऊ आणून बसवले होते.

दुसरा उपाय नाक्यावरचा दुरुस्तीवाला. त्याने दुकानाला कॉम्प्युटरचा दवाखाना म्हटलं होतं, म्हणून लोक त्याला डॉक्टर म्हणत. डॉक्टरांनी पेशंटकडे न बघताच निदान केलं.

"सगळं पुसून टाकू."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. नवीन टाकू. कोरं करकरीत."

"अहो, एक नळ गळतो म्हणून मी कधी अख्ख्या गल्लीची पाइपलाइन उखडली नाही."

"मग तुमचा नळ तुम्हीच बघा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटलाही तेच निदान सांगायला वळले.

गळतीसाहेब घरी आले ते ईर्ष्येने पेटून. नळ मीच बघतो! बघतोच! त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पहिल्यांदाच त्या डबड्याकडे पाइपलाइन म्हणून पाहिलं. मग एकदम सोपं झालं. मोठी गळती शोधताना आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. त्यांनी इंटरनेटची वायर उपटली. घरात शांतता पसरली, विधवासुद्धा गप्प झाली. मग एकेक फांदी तपासायची. ब्राउझरमध्ये जोडलेल्या सगळ्या उपऱ्यांची यादी त्यांनी उघडली, सगळे बंद केले आणि वायर लावून एकेकाला चालू करत बघत राहिले. चालू केल्यावर जो बडबडला, तो हद्दपार. सूचना पाठवायची परवानगी कोणाकोणाला दिली होती ते काढलं, तर अर्धं जग निघालं. सगळ्यांच्या परवानग्या रद्द. पहिलं पान बदललेलं होतं, ते जागेवर आणलं. कॉम्प्युटर चालू होताना कोण कोण हळूच सोबत उठतं ते पाहिलं आणि रक्षकाला त्याच्या भावांसकट घराबाहेर काढलं. मग बँकेचा पासवर्ड बदलला. हे एका बैठकीत झालं असं समजू नका. चुकीच्या फांद्या तोडल्या, एकदा छपाईचं यंत्रच मेलं, एकदा अक्षरं उलटी दिसायला लागली आणि गळतीसाहेबांनी अशा शिव्या दिल्या की खात्यातल्या जुन्या खड्डेवाल्यांना भरून आलं असतं.

पण हळूहळू पडदा स्वच्छ झाला. वाचायला चार बोटांऐवजी अख्खं पान मिळालं. आता कोणी अभिनंदन करत नव्हतं. खरं सांगायचं तर दोन दिवस त्यांना चुकल्यासारखं झालं.

राहिला एकच. यादीच्या तळाशी 'सहायक सेवा' नावाचा एक प्राणी होता. तो बडबड करत नव्हता, जाहिरात दाखवत नव्हता, पैसे मागत नव्हता. गुपचूप बसायचा. गळतीसाहेबांनी त्याला काढलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर पठ्ठ्या परत हजर. पुन्हा काढलं, पुन्हा हजर. नीट मुळातून उपटायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणाला, तुम्हाला हा अधिकार नाही, मालकाशी संपर्क साधा.

"मालक?" गळतीसाहेब रिकाम्या खोलीत ओरडले. "अरे, मीच मालक आहे! पैसे कोणी भरले?"

कॉम्प्युटरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कुणा भामट्याने मालकाचं खातं आपल्या ताब्यात ठेवलं होतं आणि गळतीसाहेबांना स्वतःच्या घरात पोटभाडेकरू करून टाकलं होतं. लेक रविवारी येणार होती. आणि हा बसलाय.

त्यांनी शांत बसून विचार केला. काही गळत्या कानाला ऐकू येत नाहीत. पाणी बिनबोभाट जातं, पण जातं कुठे ते कळत नाही. तिथे खात्याची एक जुनी युक्ती होती: पाण्यात रंग सोडायचा आणि गावभर बघत बसायचं, रंगीत पाणी कुणाच्या अंगणात निघतं. रंग असा निवडायचा की तो तिथे आपोआप येणं शक्य नाही.

गळतीसाहेबांनी शोधायच्या चौकटीत टाइप केलं: 'सत्तरीनंतर विमानातून पॅराशूटने उडी मारता येते का'. मग हाताची घडी घालून बसले. त्यांचा अंदाज होता की आता पॅराशूटच्या जाहिराती येतील, किंवा कोणी लुच्चा फोन करून स्वस्तात विमान देईल.

फोन आला. लेकीचा होता.

ती आधी हवेबद्दल बोलली, मग जावयाच्या सर्दीबद्दल. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला उंचीवर गेलं की गरगरतं ना हो? म्हणजे, आधी गरगरायचं. गच्चीवरसुद्धा जपून जात जा हं."

"जातो," गळतीसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. रंग लेकीच्या अंगणात निघाला होता. पण एका रंगावर गळती जाहीर करत नाहीत, हा खात्याचा नियम होता. योगायोगाने बदनाम झालेले नळ त्यांनी पुष्कळ पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाइप केलं: 'फ्लॅटमध्ये उंट पाळायला किती जागा लागते'.

संध्याकाळी फोन.

"बाबा, मी काय म्हणत होते, घरात एखादं जनावर असलं की सोबत होते, नाही का?"

"कसलं जनावर?"

"मांजर वगैरे. लहानसं. अगदी लहान."

गळतीसाहेबांना आधी हसू आलं, तेही चांगलं पोट धरून. मग ते विरलं. घरचा भेदी! काखेत कळसा आणि हे गावभर कांब टेकवत फिरतायत! लेक परक्या गावातून बसल्या जागी त्यांची औषधं, बँक, शोध, सगळं बघत होती. परवा त्यांनी आपल्याच वयाच्या माणसाला झोप का येत नाही, ते वाचलं होतं. त्याआधी बायकोच्या आजाराचं नाव टाइप करून नुसतंच बघत बसले होते, काही कारण नव्हतं. तेही तिने पाहिलं असणार. त्यांना अंगावरचं पांघरूण कोणी ओढून नेल्यासारखी लाज वाटली आणि त्या लाजेचा फार राग आला.

रविवारी लेक आली. चपला काढायच्या आधीच कॉम्प्युटरकडे गेली, उघडला, इकडे तिकडे बघितलं आणि लहान मुलाला शाबासकी द्यावी तसं म्हणाली, "अरे वा, बाबा! स्वच्छ केलात की!"

"उंट मागच्या दाराला बांधलाय," गळतीसाहेब म्हणाले. "जाता जाता बघून जा."

लेकीचा हात जागच्या जागी थांबला. ती कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. कुठे रंग सोडला आणि कुठे निघाला, यापेक्षा स्वच्छ पुरावा गळतीसाहेबांना तीस वर्षांत मिळाला नव्हता.

"बाबा, मी—"

"ती सहायक सेवा म्हणजे लहान पोरांवर नजर ठेवायचं साधन आहे. मी वाचलं. पोरगं शाळेतून आल्यावर काय बघतं, ते आईबापांना कळावं म्हणून. मी काय तुझं पोरगं आहे?"

"मला काळजी वाटते."

"काळजी वाटते तर विचारायचं! चोरून बघायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत!"

"विचारायचं?" लेकीचा आवाज चढला. "रोज विचारते मी! आणि तुम्ही रोज काय सांगता?"

गळतीसाहेब रोज काय सांगतात हे दोघांनाही माहीत होतं. ते सांगतात, ठीक आहे.

"आईच्या वेळीही ठीक होतं," लेक म्हणाली. "मी फोन करायचे, तुम्ही म्हणायचात ठीक आहे. आई मागून म्हणायची ठीक आहे. मी आले तेव्हा ती मला ओळखत नव्हती, बाबा. तुम्ही दोघांनी मिळून मला ठीक ठीक सांगत ठेवलंत, आणि मी मूर्खासारखी तिकडे खोकी मोजत बसले होते."

बायकोने सांगितलं होतं, पोरीला उगाच घोर लावू नका, आणि त्यांना ते पटलं होतं. आजवर त्यांना वाटत आलं होतं की आपण लेकीला जपलं.

"मी तुम्हाला ते सगळं साफ करताना बघत होते," लेक डोळे पुसत म्हणाली. "छपाईचं यंत्र मेलं तेव्हासुद्धा. मला इतकं बरं वाटत होतं. बाबा लढतायत, म्हणजे बाबा आहेत."

"मग मी पास का नापास?"

"पास. कधीचेच पास." ती खुर्ची ओढून बसली, मालकाचं खातं उघडलं, सहायक सेवेला मुळासकट उपटलं आणि नवा पासवर्ड टाइप करायला खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते टाइप करत असताना तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "झालं. आता मला काही कळणार नाही. खूश?"

गळतीसाहेबांनी खूश असल्याचं सांगितलं. निघताना मागच्या खोलीचं नाव तिने काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ते स्वतःची पाठ थोपटत राहिले.

त्यानंतरचे काही दिवस मोठ्या ऐटीत गेले. लेकीचा फोन येई, ती विचारी, ते सांगत ठीक आहे, ती म्हणे बरं. आता तिच्या फोनमध्ये मांजर नव्हतं, गच्ची नव्हती. दोन मिनिटांत फोन संपे.

मग एका सकाळी दूध घेऊन जिना चढताना गळतीसाहेबांना गरगरलं. भिंत बाजूला सरकली. ते पायरीवर बसले, पिशवी सुटली आणि दूध पायऱ्यांवरून खाली गेलं. कोणी पाहिलं नाही. थोड्या वेळाने ते उठले, कठडा धरून वर आले आणि सवयीने कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी टाइप केलं: 'जिना चढताना चक्कर'. कॉम्प्युटरने बरंच काही सांगितलं, त्यातलं काहीच धीर देणारं नव्हतं. ते फोनकडे बघत बसले. फोन वाजला नाही, वाजायचं कारणच नव्हतं. घरातून एक थेंबही बाहेर जात नव्हता, इतकं पक्कं काम त्यांनी केलं होतं.

सांगितलं तर मागची खोली. समोर भिंत, सकाळी कोमट पाणी, आणि आपलं घर कुलपात. न सांगितलं तर कोणालाही कळणार नव्हतं, आणि ठीक आहे म्हणायला तर त्यांना सरावही होता. त्यांनी पायजम्यावरचे दुधाचे डाग पुसले. मग भर कामाच्या वेळी, लेक गोदामात असताना, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून तिला फोन लावला.

"बाबा? काय झालं? ठीक आहात ना?"

"नाही," गळतीसाहेब म्हणाले.

पलीकडे गोदामातल्या गाड्यांचा आवाज येत होता. त्यांनी सगळं सांगितलं: भिंत कशी सरकली, किती वेळ बसले, आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. शेवटचं वाक्य तोंडातून निघायला जड गेलं, पण निघालं. लेकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, तोही चांगल्या कानाने.

"मी काय करू, बाबा?" तिने विचारलं. ती सांगत नव्हती, विचारत होती.

"ये," ते म्हणाले. "डॉक्टरकडे जाऊ. खऱ्या डॉक्टरकडे. पण माझी बॅग भरायला येऊ नकोस."

ती दुपारी आली. बॅगेचा विषय तिने काढला नाही. जिना उतरताना तिने त्यांचं मनगट गरजेपेक्षा बरंच जास्त घट्ट धरलं होतं, आणि गळतीसाहेबांनी ते सोडवून घेतलं नाही.